ओढणीची गाठ आणि बाहेरून लावलेली कडी

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकू न येणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं आवडतं त्यांच्यासाठी. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त माझा खोकला आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या काढल्यात.)

ट्रान्स हार्बरला लटकत ऐकत असाल तर एक हात कडीला ठेवा आणि मग ऐका.

सुरुवातीलाच सांगते, आजचा विषय जड आहे. शाळेत दिव्यांग मुलांना बांधून ठेवणं, दाबून धरणं, खोलीत कोंडणं, याबद्दल बोलायचंय. ज्यांच्या घरी असं काही झालंय त्यांनी आज नाही ऐकलं तरी चालेल. आणि ऐकणार असाल तर शेवटपर्यंत ऐका, कारण सुरुवातीला मी ज्यांच्यावर चिडणार आहे, शेवटी त्यात मी स्वतःही आहे.

मला एक धाकटा भाऊ आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही. त्याला विचारून सांगण्याइतपत बोलणं आमच्यात अजून होत नाही, आणि विचारल्याशिवाय कुणाचं नाव घेऊ नये असं मला वाटतं. आपण त्याला धाकटा म्हणू. धाकटा ऑटिस्टिक आहे. शब्द फार थोडे, साताठ. पण समज भरपूर. लिफ्टचा आवाज ऐकून कोण वर आलं ते तो बरोबर ओळखतो.

आम्ही कोपरखैरण्याचे. बाबा माथाडी. एपीएमसीच्या भाजी मार्केटला रात्रीच निघायचे, दुपारी घरी येऊन झोपायचे. आई डबे करायची. धाकटा सात वर्षांचा असताना, २०१८ साली, त्याला जवळच्याच एका नेहमीच्या शाळेत घातलं. शाळेचं नाव नको. ती शाळा वेगळी होती असं मला वाटतच नाही, म्हणून नको.

डिसेंबरची गोष्ट. मी बारावीला, घरी अभ्यास करत बसलेले. आईने गॅलरीतल्या दोरीवरनं वाळलेले कपडे काढले, त्यात माझी एक ओढणी होती. ती घडी घालायला तिने झटकली. तेवढ्यात धाकटा उठला, खुर्चीवर जाऊन बसला, आणि दोन्ही हात खुर्चीच्या पाठीमागे नेऊन एकावर एक धरून ठेवले. शांतपणे. वाट बघत.

आईला कळेना. मलाही कळेना. मग आईने त्याच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. मनगटावर पुसटशी लाल रेघ होती. आठ दिवसांपूर्वी तशीच रेघ आंघोळीच्या वेळी दिसली होती आणि आईने ती घड्याळाच्या पट्ट्याची म्हणून सोडून दिली होती.

मंडळी, तो रडला नव्हता. तक्रार केली नव्हती. त्याला वाटत होतं की ओढणी दिसली की असं बसायचं असतं.

दुसऱ्या दिवशी बाबा मार्केटमधून आल्यावर झोपले नाहीत. तिघंही शाळेत गेलो. बाबा ज्या आवाजात बोलले तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. आणि वर्गाच्या बाई रडायला लागल्या. मला राग आला, की तुम्ही का रडताय? पण त्यांनी जे सांगितलं ते मी आज इथे सांगणार आहे, कारण ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहते.

वर्गात पंचेचाळीस मुलं. बाई एकट्या. स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झालेल्या, मैदानात लाऊडस्पीकर. मधल्या सुट्टीची घंटा झाली की धाकटा कान दाबून पळत सुटायचा, थेट गेटकडे. एकदा तो गेटच्या बाहेर गेला. बाहेर रस्ता, रस्त्यावर एनएमएमटीच्या बसेस आणि टँकर. वॉचमन काकांनी कॉलर धरून ओढला म्हणून वाचला. त्या दिवसानंतर शाळेतल्या मावशी मधल्या सुट्टीच्या आधी त्याला खुर्चीला ओढणीने बांधायच्या. बाईंना माहीत होतं. हेडसरांना माहीत होतं. म्हणजे माहीत नव्हतं ते आम्हालाच. बाई म्हणाल्या, "गाडीखाली गेला असता तर तुम्ही मला काय म्हणाला असतात?"

या प्रश्नाला तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजचा सगळा भाग म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

आधी आपण नेमकं कशाबद्दल बोलतोय ते ठरवू. तीन गोष्टी आहेत. एक, बांधणं. ओढणी, दोरी, पट्टा, टेबलाला खेटून लावलेली खुर्ची म्हणजे मूल उठूच शकणार नाही अशी. दोन, दाबून धरणं. मोठ्या माणसाने आपल्या अंगाच्या जोराने मुलाला जमिनीवर किंवा भिंतीला दाबून ठेवणं. तीन, कोंडणं. स्टोअररूम, रिकामा वर्ग, बाथरूम, जिथून मूल स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. चौथीही एक आहे, ती दिसत नाही. मूल गप्प राहावं एवढ्याचसाठी, डॉक्टरांनी न सांगता, जास्तीचं औषध देणं.

आता यात एक गोंधळ होतो तो मिटवू. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या खुर्चीला पट्टा असतो. तो बांधणं झालं का? नाही. तो पट्टा थेरपिस्टने मुलाचं माप घेऊन लावलेला असतो. त्यामुळे पाठ सरळ राहते, हात मोकळे होतात, जेवता येतं, लिहिता येतं. म्हणजे त्या पट्ट्याने मुलाला जास्त काही करता येतं. तोच पट्टा, चालू शकणाऱ्या मुलाला उठू नये म्हणून लावला, की तो बांधणं झाला. तसंच शांत कोपऱ्याचं. वर्गात एक कोपरा, उशी, पडदा, मूल स्वतः जातं, स्वतः येतं, तो कोपरा चांगला. त्याच कोपऱ्याला दार लावून बाहेरून कडी घातली की ती कोठडी. वस्तू तीच असते हो. ती मुलाच्या कामाची आहे की आपल्या सोयीची, हे बघायचं.

"एवढ्याने काय होतं, पाच मिनिटं तर बांधलं," असं मला खूप जणांनी सांगितलंय. काय होतं ते सांगते.

पालथं पाडून पाठीवर वजन टाकून धरलं तर माणसाला श्वास घेता येत नाही. छाती फुगायलाच जागा राहत नाही. मूल सुटायला धडपडतं, धरणाऱ्याला वाटतं अजून चिडलंय, तो आणखी दाबतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये तेरा वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा असाच शाळेत दीड तासाहून जास्त वेळ पालथा दाबून धरला गेला आणि नंतर दवाखान्यात गेला. ज्या महिन्यात इथे धाकट्याला खुर्चीला बांधत होते, साधारण त्याच सुमाराची गोष्ट आहे ही. मी खूप नंतर वाचली. वाचून फोन बाजूला ठेवला आणि धाकटा झोपलाय ना ते बघून आले.

आणि बांधल्यावर आग लागली तर? आपल्या देशाला हे माहीत आहे. ६ ऑगस्ट २००१, तामिळनाडूतलं एरवाडी. मानसिक आजार असलेल्या माणसांना दर्ग्याच्या आसपासच्या खाजगी आश्रमांत साखळीने बांधून ठेवायचे. पहाटे आग लागली. २८ माणसं गेली, कारण साखळ्या सोडायला कुणी नव्हतं.

त्यानंतर सुप्रीम कोर्टाने लक्ष घातलं, आणि पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला. त्यातलं कलम ९५ म्हणतं की कुणालाही कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायचं नाही. कलम ९७ तर मी प्रत्येक शाळेच्या स्टाफरूममध्ये लावावं असं म्हणेन. त्यात काय आहे ऐका. एकटं कोंडून ठेवणं बंद, म्हणजे बंदच. धरायचं किंवा बांधायचं तर फक्त तेव्हाच, जेव्हा कुणाला लगेच इजा होणार आहे आणि दुसरा काहीच मार्ग नाही. तेही जबाबदार मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरताच वेळ, आणि सगळं नोंदवून. शिक्षा म्हणून नाही. आणि पुढचं वाक्य माझं आवडतं आहे: माणसं कमी आहेत म्हणून तर अजिबात नाही.

पण हा कायदा मानसिक आजार असलेल्या माणसांसाठी आणि तिथल्या दवाखान्यांसाठी आहे. बौद्धिक अपंगत्व त्याच्या व्याख्येतच येत नाही. म्हणजे बघा, मनोरुग्णालयात मोठ्या माणसाला हात लावायचा तर एवढे नियम. आणि शाळेत सात वर्षांच्या पोराला बांधायचं तर मावशींची ओढणी.

म्हणजे शाळेसाठी कायदा नाही का? आहे. फक्त एका जागी नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०१२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात मुलाला वर्गात, लायब्ररीत, स्वच्छतागृहात किंवा शाळेतल्या कुठल्याही बंद जागेत अडकवून ठेवणं हे शारीरिक शिक्षेत धरलंय. म्हणजे "मारलं नाही हो, नुसतं आत ठेवलं" हे चालत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६. कलम ६ म्हणतं, दिव्यांग माणसाला क्रूर, अमानुष वागणूक मिळू नये हे बघणं सरकारचं काम. कलम ७ छळ आणि हिंसेपासून संरक्षणाचं. त्यात एक उपयोगाची गोष्ट आहे. अशी घटना घडतेय असं वाटणारा कोणीही, आईबापच पाहिजेत असं नाही, कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो. हे काम बहुतेक ठिकाणी तहसीलदाराकडे असतं. नवी मुंबईवाल्यांनी इथे लक्षात ठेवा: ऐरोली ते बेलापूर आपण ठाणे तालुका, ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, कळंबोली म्हणजे पनवेल तालुका, रायगड जिल्हा. अर्ज चुकीच्या तहसीलला गेला की महिना तिथेच जातो.

बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने क्रूरतेने वागवलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थेतल्या माणसाने केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कुणालाही बेकायदा अडवणं कलम १२६ आणि बेकायदा कोंडणं कलम १२७ मध्ये येतं. तिथे मूल दिव्यांग आहे की नाही हा प्रश्नच नाही. माणूस आहे एवढं पुरतं.

एवढे कायदे असून होतं कसं? कारण कुणी बघत नाही तिथे होतं. आपल्याच भागातलं सांगते. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहात मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची याचिका करून घेतली. २०११ मध्ये पनवेलजवळ, आपल्या कळंबोलीत, अशाच एका निवासी संस्थेतल्या मुलींवरचे अत्याचार उघड झाले. वाचवत नाही असं प्रकरण. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने त्यात शिक्षा सुनावल्या. या काळात उच्च न्यायालयाने एक समन्वय समिती नेमली. अध्यक्ष होत्या टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या डॉ. आशा बाजपेयी. समितीने राज्यभरातल्या अशा संस्थांमध्ये जाऊन पाहणी करायची, असं ते काम होतं. टाटा संस्था देवनारला, वाशीची खाडी ओलांडली की पलीकडे. मला यातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. या मुलांपैकी बरीचशी बोलू शकत नव्हती. कुणीतरी बाहेरून दार उघडून आत गेलं, तेव्हाच ते जगाला दिसलं.

मोजणं हेही दार उघडण्यासारखंच आहे. अमेरिकेत शाळांना दरवर्षी नाही, पण ठरावीक वर्षांनी सरकारला आकडे द्यावे लागतात. २०१७-१८ या वर्षात तिथे एक लाखाहून जास्त मुलांना धरलं, बांधलं किंवा कोंडलं गेलं. पटावर दिव्यांग मुलं होती १३ टक्के. दाबून धरलेल्या मुलांत ती ८० टक्के, आणि कोंडलेल्यांत ७७ टक्के. २०१९ मध्ये इलिनॉय राज्यात पत्रकारांनी शाळांच्याच वह्या मागवून वीस हजारांवर घटना वाचून काढल्या. नियम असा होता की फक्त धोका असेल तेव्हाच कोंडायचं. प्रत्यक्षात, जिथे कारण लिहिलं होतं त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त वेळा कसलाही धोका नोंदवलेलाच नव्हता. काम केलं नाही, शिवी दिली, दूध सांडलं, अशी कारणं. बातमी आल्यावर राज्याने लगेच तातडीचे नियम काढले, २०२१ मध्ये कायदाही केला. म्हणजे श्रीमंत देशातही होतं. पण तिथे ते वहीत लिहिलेलं होतं, म्हणून पकडता आलं. आपल्याकडे वहीच नाही.

बरं. आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. गाडीखाली गेला असता तर?

मूल रस्त्याकडे पळतंय तर धरायचंच. यात कुणाचं दुमत नाही. हात धरा, कमरेला धरा, मागे ओढा. धोका संपला की सोडा. त्याच दिवशी घरी कळवा, आणि लिहून ठेवा. वॉचमन काकांनी कॉलर धरली ते बरोबरच होतं. चूक सुरू झाली ती दुसऱ्या दिवशी, जेव्हा "काल पळाला होता" म्हणून आज आधीच बांधला. एका क्षणाची गरज होती, तिची रोजची सवय झाली.

मग करायचं काय? आमच्याकडे काय केलं ते सांगते, कारण ते फुकट होतं.

पहिल्या आठवड्यात हेडसरांनी सांगितलं, "याला स्पेशल शाळेत घाला." आईने एक अर्ज लिहिला. मी मोबाईलवर कलमं शोधून दिली, तिने मराठीत, तिच्या अक्षरात लिहिला. शाळेच्या ऑफिसात दिला आणि पोच घेतली. शिक्का, तारीख, सही. मंडळी, पोच. तोंडी बोलणं हवेत जातं. त्या शिक्क्यानंतर सरांचा सूर बदलला हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मग बाईंनी आणि आईने एक वही केली. दोनशे पानी, साधी. तीन रकाने. आधी काय झालं, मग त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. दोन आठवडे रोज लिहिलं. लिहिल्यावर जे दिसलं ते वाचून बाई स्वतःच गप्प झाल्या. धाकटा दिवसभर पळत नव्हता. घंटेलाच पळत होता. लोखंडी घंटा त्यांच्या वर्गाच्या दाराबाहेर टांगलेली होती. आणि ज्या दिवशी तालीम, त्या दिवशी जास्त. आपल्या कानाला घंटा लागते तशी त्याला लागत नाही, कानात खिळा ठोकल्यासारखी लागते. तो गेटकडे पळत नव्हताच. घंटेपासून लांब पळत होता, आणि लांब म्हणजे तिकडे गेट होतं.

एवढं कळल्यावर उपाय अगदी साधा निघाला. घंटेच्या पाच मिनिटं आधी धाकट्याने शिपाई काकांबरोबर मागच्या बाजूच्या नळावर पाण्याची बाटली भरायला जायचं. घंटा होते तेव्हा तो तिथे, आवाज लांब. वर मार्केटमधल्या एका काकांनी दिलेले जुने मोठे हेडफोन, गाणं न लावता नुसते कानावर. आणि बाईंनी पुठ्ठ्याचं एक कार्ड केलं, त्यावर दाराचं चित्र. बाहेर जावंसं वाटलं तर ते दाखवायचं. पहिले काही दिवस तो दर दहा मिनिटांनी कार्ड दाखवायचा. बाई जाऊ द्यायच्या. आपण कार्ड दाखवलं की खरंच जाऊ देतात, हे त्याला पटेपर्यंत. मग कमी झालं.

सगळं गोड झालं असं नाही. दोनदा तो परत पळाला. एकदा त्याने एका मुलीचे केस ओढले, तिची आई आमच्या दारात आली, आणि तिचंही बरोबर होतं. पण त्या वर्षी त्याला पुन्हा कुणी बांधलं नाही.

मूल खरंच भडकलं तर काय, हेही सांगते. पहिलं, आपला आवाज खाली. दुसरं, त्याला उचलून नेण्याऐवजी बाकीच्या मुलांना बाहेर न्या. तीस मुलं रांगेत शांत बाहेर जाऊ शकतात, हे एक मूल त्या वेळी जाऊ शकत नाही. तिसरं, जवळच्या कात्र्या, कंपास, बाटल्या बाजूला करा. चौथं, एकच माणूस समोर, हातभर अंतरावर, आणि कमी शब्द. "मी इथे आहे" एवढं बास. पाचवं, थांबा. घड्याळ बघू नका. पालथं पाडणं, अंगावर बसणं, तोंड दाबणं, हात पिरगाळणं, हे कधीच नाही. ते भडकणं म्हणजे हट्ट नसतो. हट्ट करणारं मूल मधेच बघतं की तुम्ही बघताय का. हे मूल बघत नाही, कारण त्या वेळी त्याचं त्यालाच आवरत नसतं.

शिक्षकांवर सगळं टाकून मोकळं व्हायचं का? नाही. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय. सुप्रीम कोर्टाने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं की प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक, आणि त्या कायमच्या जागा हव्यात. तुमच्या शाळेत विशेष शिक्षक आहे का, हे पालकसभेत विचारा. बाईंवर ओरडण्यापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा आहे. आपल्याकडे वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. लोक कुठून कुठून या दोन जागी येतात, आणि आपण पामबीचवरून रोज बसने पुढे जातो.

आता तुमच्यासाठी, म्हणजे हातात फोन असलेल्यांसाठी. तुम्ही डीएड, बीएडला असाल, शाळेच्या व्हॅनवर असाल, कुठे ट्रेनी असाल आणि असं काही दिसलं, तर आधी मुलाला सोडवा. खुणा असतील तर फोटो काढा, तारीख लिहा, डॉक्टरांना दाखवा. लेखी तक्रार करा, पोच घ्या. १०९८ चोवीस तास सुरू असतो, फोन फुकट आहे. पण मुलाचा चेहरा दिसणारा व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. आणि कायदा बाजूला ठेवा, त्या मुलाला मोठं झाल्यावर स्वतःची ती क्लिप सापडावी असं तुम्हाला वाटतं का? व्हिडिओ पोलिसांना द्या, बालकल्याण समितीला द्या. रीलला नको.

आणि आता शेवटचं. सुरुवातीला म्हटलं होतं ना, की यात मीही आहे.

बाबा दुपारी झोपायचे. रात्रभर गोण्या उचललेला माणूस. धाकटा दुपारी ताटल्या वाजवायचा. मग आई डबे पोचवायला बाहेर गेली की मी काय करायचे? त्याला आतल्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावायचे. कधी अर्धा तास, कधी जास्त. माझं अकाउंट्स व्हायचं. पाहुणे आले तरी तेच. कुणी मला वाईट म्हटलं नाही. घरात सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटायचं.

शाळेतनं आल्यावर त्या रात्री मला झोप आली नाही. बाईंकडे पंचेचाळीस मुलं होती. माझ्याकडे एक होता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि ती बाहेरची कडी काढली. काही बोलले नाहीत. दारावर अजून चार भोकं आहेत. धाकट्याला स्टीलच्या ताटल्यांऐवजी एक प्लॅस्टिकचा टब दिला, त्यात राजमा. तो तासन् तास राजमा वरून खाली सोडत बसतो. पावसासारखा आवाज येतो. बाबांना आता त्या आवाजाशिवाय दुपारची झोप लागत नाही.

धाकटा आता दाढी फुटण्याच्या वयात आलाय. मध्यंतरी मी नवी ओढणी आणली, उलगडून आरशासमोर बघत होते. तो आला, बघितलं, आणि तिचं एक टोक धरून माझ्या खांद्यावर नीट टाकलं. मग गेला राजमाकडे.

तर एवढंच आज. तुमच्या शाळेत, तुमच्या सोसायटीत, तुमच्या घरात बाहेरून कडी असलेलं एखादं दार असेल, तर आज घरी गेल्यावर एकदा बघा ते कशासाठी आहे. काही सांगायचं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, मी सगळ्या ऐकते. नावं घेणार नाही.

पुढच्या भागात भेटू. उतरताना गर्दीत आधी म्हाताऱ्यांना जाऊ द्या. काळजी घ्या.